घळीतली पानं

सगुण धुरी बाई घेऊन गोव्याला पळाला, असं रामा मेस्त्री भर बाजारात म्हणाला आणि मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. तो मागच्या मागे सुक्या बांगड्यांच्या टोपलीत जाऊन बसला. बांगडेवालीने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, चार माणसं मध्ये पडली, आणि मेस्त्री गाल चोळत पुन्हा तेच म्हणाला.

"माका मारून काय होताला, गावडेनू? तेच्या मेवण्यानच बघितल्यान. पणजीच्या यष्टीत. बाजूक बाई."

मी दुसरा हात उगारला, पण लोकांनी धरला. मी वनरक्षक, अंगात खाकी, त्यामुळे तक्रार करायला कुणी गेलं नाही. पण मेस्त्री बोलला ते सगळं गाव बोलत होतं. सगुण माझ्या हाताखाली वनमजूर होता. दरवर्षी मृग लागायच्या आधीपासून दोघं मिळून जंगल फिरायचो, एका डब्यात जेवायचो. आषाढात एका सकाळी तो गस्तीला म्हणून गेला तो परत आला नाही. मी नदी पालथी घातली, रानात हाका मारून घसा बसवला. मग त्याचा मेव्हणा बाबल म्हणाला की आपण त्याला एसटीत बसताना पाहिलं, आणि सगळ्यांनी शोध थांबवला. साहेबांनीही थांबवायला सांगितलं. पळालेल्या माणसाला रानात कोण शोधतो?

सगुणची बायको चंद्रा भावाकडे राहायला गेली. पाणवठ्यावर बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. टाकलेल्या बाईला चतुर्थीला गौरीपुढे सवाष्णींचा सुपातला ओवसा भरायला कुणी बोलावलं नाही. तिने गळ्यातलं काढलं नाही आणि कपाळावरचं पुसलंही नाही, याचीसुद्धा गावाने थट्टा केली. विधवा असती तर निदान कुणी तोंडदेखलं रडलं असतं. सगुण मेला की पळाला, एवढं एक कळावं म्हणून ती झुरत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

चतुर्थी आटोपल्यावर खांबेटेबाई आल्या. डॉक्टर उर्मिला खांबेटे, पुण्याच्या. डॉक्टर म्हणजे गोळ्यावाल्या नव्हेत. त्या पानांवरच्या ठिपक्यांच्या डॉक्टर. मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, ते दगडावर, खोडावर उगवतं. त्याचंच एक बारीक भावंड सदाहरित रानात जिवंत पानांवर उगवतं. लांबून पाहिलं तर पानाला रोग झालाय असं वाटावं. बाई म्हणायच्या, रोग नाही हो, बुरशी आणि शेवाळ यांचा संसार आहे तो, आणि पानाचं काडीचंही नुकसान न करता चाललेला. मी म्हणायचो, असं भाडेकरू कुटुंब आमच्या गावात तरी बघितलेलं नाही. बाई हसायच्या. पाऊस, जळवा, काही असो, त्यांचं डोकं पानात आणि डोळ्याला भिंग.

आदल्या वर्षी सगुणच त्यांना रानात फिरवत होता. वाघदेवाच्या घळीत त्यानेच नेलं होतं. त्या घळीत गावातलं कुणी उतरत नाही, आषाढात सगुणला शोधतानाही कुणी उतरलं नव्हतं. वाघदेवाची जागा, तिथलं लाकूड तोडू नये, पान तोडू नये. सगुण जायचा. वाघदेवाला नारळ ठेवायचा, कौल घ्यायचा आणि इरल्यापुरती पानं मागून आणायचा. धबधब्याचे तुषार बारा महिने अंगावर घेणारं एक रुंद पानाचं झाड आहे तिथे. तेव्हा प्लास्टिकचे कागद नुकते आले होते, पण सगुणला इरलंच लागायचं. बांबूच्या दोन जाळ्या विणायच्या आणि मध्ये पानांचा थर दाबायचा, की डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस कोरडा. जाळी तो विणायचा. पानं मात्र चंद्रा चटईसारखी एकात एक शिवून द्यायची.

"सगुणच्या घरी जाऊ या का?" बाईंनी विचारलं. "तो निघून गेला असं ऐकलं. बायकोला भेटायचंय मला."

"ती भावाकडे असते," मी म्हटलं. "पण तिथं त्याचं नाव काढू नका. भाऊ चिडतो."

बाबल चिडायचा हे खरं. शिकारीचं वेड असलेला माणूस. लग्न झालं नव्हतं, हात कायम सळसळायचे. सांबर, डुक्कर, गवा, काहीही सोडायचा नाही, आणि मी त्याला एकदाही रंगेहाथ धरू शकलो नव्हतो. पण बहिणीला त्याने घरात घेतलं, तिला तांदूळ कमी पडू दिले नाहीत, म्हणून त्या दिवसांत मी त्याच्याशी जरा बरा वागत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. बाबल पडवीत कोयत्याला धार लावत बसला होता. त्याने मान हलवली.

"येवा, गावडेनू. ह्या कोण?"

"पुण्याच्या बाई. चंद्राक भेटाक इल्यात."

"चंद्रा, पेज ठेव गो! पावने इलेत!"

आतून चुलीत फुंकर घातल्याचा आवाज आला. चंद्रा दारात आली, बाईंना बघितलं, आणि तिचा चेहरा आधी फुलला मग पडला. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. सगुणचं नाव न काढता जेवढं बोलता येतं तेवढं दोघी बोलल्या, म्हणजे फारसं काही नाहीच. चंद्रा पेज बघायला आत गेली.

बाई पडवीत नुसत्या बसतील तर त्या खांबेटेबाई कसल्या. भिंतीवर खुंटीला बाबलचं इरलं टांगलेलं होतं, नवंकोरं, बांबू अजून पिवळा. बाईंनी चष्मा पुसला आणि उठल्या. जाळीच्या भोकाला भिंग लावलं. मी म्हटलं, झालं, आता इरल्यातही संसार शोधतील.

आणि त्या ओरडल्या. आनंदाने.

"गावडे! इकडे या! अहो, हे बघा, तेच!"

मी गेलो. जाळीच्या भोकातून वाळलेलं पान दिसत होतं. त्यावर राखाडी-हिरवे वाटोळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यात मोहरीएवढा तांबडा कण.

"हे घळीतलं आहे," बाई म्हणाल्या. "सगळा सह्याद्री पालथा घातला मी, हे दुसरीकडे कुठेही मिळालेलं नाही. तुषार सतत लागतात, ऊन नाही, पान वर्षानुवर्षं झाडावर टिकतं, तेव्हा कुठे हे एवढं होतं. सगुण सांगायचा, याच पानांचं इरलं टिकतं, कीड धरत नाही." त्या बाबलकडे वळल्या, चेहरा नुसता उजळलेला. "तुम्हालाही सगुणने आणून दिली का हो?"

आता बघा. बाबलने एवढंच म्हणायचं होतं: होय, त्यानेच दिली. मेव्हण्याने मेव्हण्याला पानं दिली, यात कुणाला काय वाटणार होतं? बाई खूश झाल्या असत्या, मी पेज पिऊन निघून गेलो असतो. पण चोराच्या मनात चांदणं.

"नाय," बाबल म्हणाला. त्याचा धार लावणारा हात थांबला होता. "ती आमच्या परसातली पानां."

"शक्यच नाही," बाई हसून म्हणाल्या. "परसात हे वाढणारच नाही."

"वाढतत. आमच्याकडे वाढतत."

"अहो, पण…"

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही जरा इकडं सरा."

मी बाबलकडे बघत होतो. त्याच्या ओठावर घाम आला होता, आणि हवा तर अशी की मला अंगावर घोंगडी घ्यावीशी वाटत होती.

"बाबल, परसात खंयचा झाड? दाखय माका."

"पावसात?"

"पावसात."

"बरां." तो उठला. "दाखयतंय."

तो उंबऱ्याकडे दोन पावलं गेला आणि वळला तो कोयता घेऊनच. मी खुंटीवरचं इरलं ओढलं आणि पुढे धरलं. कोयता बांबूतून कडकडत खाली आला, इरलं उभं फाटलं, आणि पातं माझ्या डाव्या दंडात घुसलं. दुखलं नाही. नुसतं गरम वाटलं. माझंच रक्त माझ्या तोंडावर उडालं तेव्हा कळलं की हात कामातून गेला.

"पळा!" मी बाईंना ओरडलो.

त्या पळाल्या नाहीत. शहरातल्या बायांबद्दल मी काय काय बोलत असे, ते त्या दिवसापासून बंद केलं. त्यांनी बाबलचा पाय दोन्ही हातांनी धरला. त्याने दुसऱ्या पायाने त्यांच्या तोंडावर लाथ घातली. चष्मा फुटला, ओठ फाटला, दात हलला, तरी पकड सुटेना. त्याने पुन्हा लाथ घातली. मला कोपऱ्यात मुसळ सापडलं. एका हाताने मुसळ उचलून मारायचं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. ते त्याच्या गुडघ्यावर बसलं आणि काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर आला, पण कोयता सोडला नाही. त्याने तो बाईंच्या मानेवर उगारला.

"दादा!"

चंद्रा दारात उभी होती. हातात फडक्याने धरलेलं पेजेचं तपेलं, वाफा येत होत्या. ती भावाकडे बघत नव्हती. ती जमिनीवर पडलेल्या इरल्याकडे बघत होती. फाटलेल्या जाळीतून पानांची चटई बाहेर लोंबत होती आणि पानापानातून लाल धागा गेला होता.

"ही शिवण माझी," ती म्हणाली.

बाबलचा हात वरच राहिला.

"खंयची शिवण? काय बोलतंस?"

"माझ्या लग्नातल्या लुगड्याचो काठ. त्याचां सूत काढून मी शिवलेलय. जाळी नवी, पानां तेची." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "जाळी खंय टाकलंस, दादा?"

गावात प्रत्येकाच्या हाताची वीण ओळखू येते. सगुणची जाळी भिंतीवर दिसली असती तर शेंबड्या पोरानेही ओळखली असती. म्हणून ती नदीला गेली. पण भर आषाढात, पाऊस कोसळत असताना, शिवलेली तयार पानं कोण फेकून देतो? आमच्या मुलखात जन्मलेला माणूस नाही देत. पानाला काय नाव असतं, असंच त्याला वाटलं असणार.

"तो खंय आसा?"

"गोव्यात. माका काय म्हायत? मी यष्टीत बघितलंय…"

चंद्राने तपेलं त्याच्या अंगावर रिकामं केलं.

ती किंकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. डुक्कर भाल्यावर चढल्यावर तसं ओरडतं. पेज चिकट असते, अंगाला धरून बसते. तो पडवीभर लोळला, स्वतःच्या खांद्याची कातडी स्वतःच ओरबाडत. मी त्याच्या मनगटावर बूट दिला आणि कोयता घेतला. मग छातीवर गुडघा टेकून पातं गळ्याला लावलं. मला त्याचा गळा कापायचा होता. पुढचं काही दिसत नव्हतं, नोकरी नाही, कोर्ट नाही, घरची पोरं नाहीत. पात्याखाली त्याची नस उडत होती आणि मी दाब दिला.

"थांबा, गावडेनू," चंद्रा म्हणाली. "आदी तेका बोलांदेत."

ती त्याच्या डोक्याशी उकिडवी बसली. लहानपणी ताप आल्यावर बसली असेल तशी.

"मारलंस?"

"मी मारूक नाय!" बाबल रडत होता. "आईशप्पथ मारूक नाय! घळीत गव्यासाठी खड्डो खणलेलो. खाली सुळे पुरलेले. तो पानां घेवक इलो आनी पडलो. मी दुसऱ्या दिसा सकाळी बघूक गेलंय, तर तो आत."

"मेलेलो?"

मी पातं जरा दाबलं.

"जित्तो होतो. सुळो मांडयेतसून आरपार. वर काढलो असतो तर सांगितल्यान असतो सगळा. वाघदेवाच्या घळीत खड्डो! माका जेल, आनी गाव वाळीत टाकतलो."

"मगे?"

"मगे… वर फांदये घातलंय. इरलां काठार पडलेलां, ता घेतलंय."

"बोलवी होतो?"

"होय."

"कोणाक?"

बाबलने डोळे मिटून घेतले.

"तुका," तो म्हणाला.

बाईंच्या फाटलेल्या ओठातून रक्त ठिबकत होतं आणि त्या तोंड दाबून रडत होत्या. मी कोयता बाजूला घेतला. दया आली म्हणून नाही. नुसतं चिरून हा सुटेल, एवढ्या एकाच विचाराने मी थांबलो. गुरं बांधायच्या दाव्याने आम्ही त्याला पडवीच्या खांबाला बांधलं. गाठी चंद्राने मारल्या.

माझ्या दंडाला तालुक्याच्या दवाखान्यात टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार, शिपाई, पंच आणि अर्धा गाव घळीच्या तोंडाशी जमला. मेस्त्रीही होता. पाणवठ्यावरच्या बायका होत्या, पदर तोंडाला लावून. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, तोंड सुजून काळंनिळं. ते रुंद पानांचं झाड त्यांच्या डोक्यावर होतं, पान न् पान ठिपक्यांनी भरलेलं. त्यांनी मान वर केली नाही.

वाघदेवाला नारळ ठेवल्यावर शिपायांनी फांद्या बाजूला केल्या. खड्डा खोल होता. आत पाणी, चिखल, आणि खाकी शर्टाचा खांदा. हाडं चिखलात अर्धी बुडालेली होती. एक हात भिंतीला टेकलेला होता आणि तिथली माती नखांनी उकरलेली दिसत होती, वर, जेवढी पोचली तेवढी.

बायकांत कुणीतरी हंबरडा फोडला. चंद्राने नाही. ती गर्दीकडे वळली.

"बघलास?" ती म्हणाली. "बघा, सगळ्यांनी बघा. खंय गेललो माझो घोव? हयच होतो. माका हाक मारी होतो."

मग तिने दोन्ही मनगटं खडकावर आपटली. बांगड्या फुटल्या, काचा मनगटात घुसल्या. एक म्हातारी तिला धरायला पुढे झाली तर तिने तिला अशी ढकलली की ती चिखलात बसली.

फौजदाराने खाली उतरायला माणसं मागितली. वाघदेवाच्या जागेत, असं मेलेल्या माणसापाशी, कुणी उतरायला तयार होईना. शिपाई एकमेकांकडे बघायला लागले. मी पुढे झालो, पण एका हाताने काय उतरणार होतो?

"दादा उतारतलो," चंद्रा म्हणाली.

बाबल पोलिसांच्या मध्ये उभा होता, हातात बेड्या, मानेपासून पाठीपर्यंत मलम आणि पट्टी, एक पाय लटकत.

"तो आरोपी आहे, बाई," फौजदार म्हणाला. "आणि भाजलाय."

"जित्तो असताना तेका वर काढूक नाय. आता काढतलो. दुसऱ्या कोणी हात लावलो तर मी खड्ड्यात उडी टाकीन, सायबानू. मगे आमका दोघांक काढा."

फौजदार तरुण होता. त्याने तिच्या मनगटांकडे बघितलं, गावाकडे बघितलं आणि बेड्या काढायला सांगितलं.

बाबलच्या कमरेला दोर बांधून त्याला खाली सोडलं. पट्टीवर दोर घासला की तो विव्हळायचा. कुणी सोडा, थांबवा म्हणालं नाही. तो सुळ्यांच्या मध्ये चिखलात, भिंतीला टेकून एका पायावर उभा राहिला. चंद्रा काठावर पोटावर झोपली होती. तिने पदर सोडून खाली अंथरला होता आणि दोन्ही हात, रक्ताळलेले, खाली सोडले होते.

बाबल वाकला. चिखलातून त्याने सगुणचं डोकं दोन्ही हातांनी सोडवलं. वर उचलताना ते सुळ्यावर आपटलं.

"सावकाश, दादा," चंद्रा म्हणाली. "लागात तेका."